पहिली ठासणीची बंदूक बांधायचा बेत

बंदुकीचं किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, अजून मागवलेलं नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी फोटो कुठेयत विचाराल. गेल्या ऑगस्टमध्ये एक दोनशे पानी वही आणली, ती आता अर्ध्याच्या वर भरलीय, आणि बायको म्हणते अरे एवढ्या वेळात बांधून, मोडून, दुसरी बांधायला घेतली असतीस. तिचं बरोबर आहे. पण मी आयुष्यात आत्तापर्यंत लाकडाचं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक बुटांचा रॅक, तोही जरा डगमगतो, त्यामुळे म्हटलं यावेळी आधी कागदावर सगळं करून बघू.

तर विषय असा की मला किटमधून फ्लिंटलॉक रायफल बांधायचीय. म्हणजे आपली ठासणीची बंदूक, तोंडाकडून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, आणि पेटवायला केप (घोडा आपटला की फुटणारी छोटी टोपी) नाही तर खरी चकमक, गारगोटीचा तुकडा. तो पोलादावर आपटतो, ठिणग्या पडतात, खालच्या छोट्या पळीत थोडी बारीक दारू असते, तिला जुन्या मराठीत रंजक म्हणायचे, ती पेटते आणि बॅरलच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आग आत जाते. तोफेला बत्ती देतात तेच, फक्त इथे ते काम लॉक करतं, म्हणजे गारगोटी आपटवणारी बाजूची यंत्रणा. कधीकधी रंजक भकदिशी पेटते आणि आतला बार काही उडत नाही. फुसका बार हा शब्द मी लहानपणापासून राजकारण्यांच्या भाषणांसाठी वापरत आलोय, तो शब्दशः डोळ्यासमोर पहिल्यांदा बघितला तो इथल्या, अमेरिकेतल्या नेमबाजीच्या क्लबात, आणि मला एकट्यालाच हसू आलं.

हे खूळ कुठून आलं तर आजोबांकडून. आमचं गाव कुडाळजवळ, आणि आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, केपाची. भात पोसवलं की रानडुकरं यायची, केळीवर वानरं, मग आजोबा संध्याकाळी पडवीत बसून बंदूक भरायचे आणि आम्हा पोरांना चार हात लांब बसायची परवानगी असायची. दारू ओतायची, काथ्याचा बोळा, वर गज आणि ठक ठक ठक. गज आत आपटून थोडा वर उसळला की म्हणायचे, बसला. तो आवाज मला अजून येतो. बहुतेक वेळा ते नुसता बार काढायचे, हवेत, डुक्कर पळून जायचं आणि आख्ख्या वाडीतली कुत्री भुंकत सुटायची. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि तेवढे दिवस आजोबा उगाच घरात येरझाऱ्या घालायचे. त्यांच्या डाव्या गालावर डोळ्याच्या खाली दोनतीन निळसर काळे ठिपके होते, मला वाटायचं की ते त्यांनी गोंदवून घेतलेत, जसं आजीच्या कपाळावर होतं तसं.

बंदूक पुढे काकांनी परत करून टाकली, परवाना आजोबांच्या नावावर होता. ती मिळणं शक्य नाही आणि भारतात असली बांधायचा तर विचारही करू नका, 1959 चा आर्म्स ॲक्ट आहे, परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा सरळ गुन्हा आहे, मग ती ठासणीची असो नाहीतर कुठली. हे सगळं लिहितोय ते पेनसिल्वेनियात बसून.

इथे वेगळं आहे. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये अँटिक म्हणून एक व्याख्या आहे, 1898 पर्यंत बनलेली बंदूक तर त्यात येतेच, पण आजची नवीन बनवलेली ठासणीची रायफलसुद्धा येते, जर ती काळ्या दारूवर चालणारी असेल आणि तिच्यात काडतूस जाऊच शकत नसेल तर. म्हणजे फेडरल कायद्याच्या लेखी ती फायरआर्मच नाही. त्यामुळे किट डीलरकडे न जाता थेट घरी येतं, बुटाच्या बॉक्ससारखं. पण राज्यागणिक नियम वेगळे आहेत, काही राज्यं यांनाही इतर बंदुकांसारखंच मोजतात, तेव्हा आपापल्या राज्याचा कायदा वाचल्याशिवाय कार्ड काढू नका. आणि आपल्या लोकांसाठी एक खास सूचना, जे एच वन वर वगैरे आहेत त्यांना व्हिसावर असताना फायरआर्म बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद सोडून. अँटिक त्यात बसत नाही असं लोक सांगतात, व्याख्या वाचली तर तसंच दिसतं, पण मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत गप्प बसलो. अकरा वर्षं लाइनीत उभं राहिल्यावर छंदापायी कुठल्या ऑफिसरला व्याख्या समजावत बसायची हौस मला नाही.

आता फ्लिंटलॉकच का, केपाची का नाही, आजोबांची तर केपाची होती. केपाची सोपी पडते हे खरं. चकमकीऐवजी आपटल्यावर पेटणाऱ्या रसायनाने बार उडवायची कल्पना फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याच्या डोक्यातून निघाली, त्याने 1807 मध्ये पेटंट घेतलं, टोपी त्यानंतर आली, आणि नंतरच्या तीसचाळीस वर्षांत चकमक मागे पडली. नवशिक्याने केपाचीच बांधावी असं पुष्कळ जण सांगतात. पण मी जिथे राहतो तिथून लँकेस्टर तासाभरावर आहे हो. जिला जग केंटकी रायफल म्हणतं ती केंटकीत नाही तर इथे जन्माला आली, अठराव्या शतकात, जर्मन आणि स्विस लोहार इथे येऊन स्थायिक झाले त्यांच्या हातून. नाव एकाचं आणि श्रम दुसऱ्याचे, हे आपल्याकडेही चालतंच.

ते लोक येताना आपली येगर रायफल घेऊन आले होते, आखूड बॅरल, जाड भोक, शिकारीसाठी. इथल्या जंगलात माणूस महिनोनमहिने दुकानापासून लांब, शिसं आणि दारू पाठीवर वाहायची, मग भोक बारीक होत गेलं आणि बॅरल लांब. हिशोब करून बघितला मी, .62 च्या आसपासचं भोक असेल तर एक पाउंड शिशातून साधारण 20 गोळ्या निघतात, .50 चं असेल तर 39. तेवढ्याच ओझ्यात जवळजवळ दुप्पट बार. (हे आकडे म्हणजे इंचाचे भाग, .50 म्हणजे अर्धा इंच, सुरुवातीला मला वाटलेलं मॉडेल नंबर आहेत.) लँडिस व्हॅली म्युझियममध्ये या रायफली बघितल्या तेव्हा मी काचेला नाक लावून उभा होतो, 42, 44 इंचाची नुसती बॅरल, आणि मेपलच्या लाकडावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे, ते रंगवलेले नसतात, लाकडाचे तंतूच लाटेसारखे वाढलेले असतात म्हणून प्रकाश तसा दिसतो. शिवाय पेनसिल्वेनियात ख्रिसमसनंतर हरणांचा एक वेगळा सीझन असतो, 1974 पासून, त्यात फक्त फ्लिंटलॉक चालते. मला हरीण मारायचं नाहीये, घरात त्यावरून आधीच चर्चा झालेली आहे, पण त्यामुळे इथे प्रत्येक क्लबात चकमकवाले दोनचार म्हातारे सापडतात आणि शिकायला तेच लागतं.

किटचं म्हणाल तर तीन जाती आहेत. सगळ्यात खालची, तीनचारशे डॉलरच्या आसपास, सगळं जवळपास बसवलेलं, तुम्ही पॉलिश करायचं, रंग द्यायचा, बॅरल काळी किंवा तपकिरी करायची आणि जोडायची. यात बऱ्याचदा स्टॉक, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, दोन तुकड्यात असतो, मधे पितळेची पट्टी. काम करते, पण ती पट्टी एकदा दिसली की मला दुसरं काही दिसत नाही. दुसरी जात नव्या जमान्याची, ओहायोतल्या किबलरने जी लोकप्रिय केली, स्टॉकमधल्या सगळ्या खाचा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने कापलेल्या, लॉक आणि बॅरल जवळजवळ टकदिशी बसतं, आणि तरीही शेवटी हातात येते ती जुन्या पद्धतीची लांब एकसंध रायफल. हजार डॉलरच्या पुढे जाते. तिसरी जात म्हणजे प्रीकार्व्ह, स्टॉकला बाहेरून ढोबळ आकार दिलेला, बॅरलची खाच आणि गजाचं भोक पाडलेलं, बाकी तुम्ही आणि तुमची पटाशी. जुने लोक म्हणतात खरं शिकायचं तर तिसरी. क्लबातले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, त्यांनी मला माझे हात दाखवायला सांगितले, बघितले, आणि म्हणाले दुसरी घे.

मला किट शब्दाने फसवलं होतं हे कबूल करतो. डोक्यात चित्र असं की स्क्रू, नट, एक चित्रांचा कागद, रविवारी दुपारी बसलो की संध्याकाळी तयार. प्रत्यक्षात मशीनने कापलेल्या किटलाही नवशिक्याचे चाळीसपन्नास तास सहज जातात असं ज्यांनी ज्यांनी बांधलीय ते सांगतात, आणि प्रीकार्व्हला तर वर्ष. त्यातलं लोखंडाचं काम कमी. लाकडाचंच जास्त.

लाकडात लोखंड बसवणं, याला इथे इनलेटिंग म्हणतात, हाच सगळा जीव आहे. पद्धत ऐकून मला फार गंमत वाटली. लोखंडी भागाला दिव्याची काजळी धरायची, अगदी आपण डोळ्यात घालायला काजळ धरतो तशी, मग तो भाग खाचेत दाबायचा आणि उचलायचा. जिथे लाकडाला काळं लागलं तिथे टेकतोय, तेवढंच खरवडायचं. परत काजळी, परत दाबा, परत खरवडा. शंभर वेळा. हल्ली तयार निळा रंग मिळतो, काही जण चक्क लिपस्टिक वापरतात. बायकोची एक जुनी मागून ठेवलीय. घाई केली की खाच मोठी होते आणि लाकूड परत येत नाही, लोखंड आणि लाकडाच्या मधे जी फट राहते ती आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहते.

याचा सराव म्हणून मी मेपलची एक फळी आणली आणि तिच्यात एक पितळेची पट्टी बसवायला घेतली. पट्टेवाल्या मेपलचा त्रास असा की तंतू वर खाली जातात, त्यामुळे पटाशी एका जागी लोण्यासारखी चालते आणि बोटभर पुढे लाकडाचा कपचाच उडवते. माझी पटाशी बोथट होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं लाकूडच हट्टी आहे, म्हणून मी हातोडी जरा जोरात मारली आणि कडेचा इंचभर तुकडा उडून वॉशिंग मशीनच्या मागे गेला. (माझं वर्कशॉप म्हणजे बेसमेंट, वॉशर आणि ड्रायरच्या शेजारी.) तो सापडला नाही. त्यानंतर तीन आठवडे मी फक्त धार लावायला शिकलो, दुसरं काही नाही, आणि उजव्या मनगटावरचे केस आता पटाशीने निघतात हे मी पाहुण्यांना दाखवतो. धारवाली पटाशी हाताने ढकलूनच जाते, हातोडी लागतच नाही फारशी. वहीत पहिल्या पानावर हेच लिहिलंय, लाल पेनाने.

वहीत सगळ्यात जास्त चित्रं आहेत ती लॉकच्या जागेची. कारण तिथे दीड इंचाच्या आत तीन वस्तूंची भांडणं आहेत. वर बॅरल. बॅरलच्या खाली गजाचं भोक, दोघांच्या मधे लाकडाची जेमतेम एक अष्टमांश इंचाची भिंत. आणि लॉक धरून ठेवणारा बोल्ट आडवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, तो बॅरललाही लागता कामा नये आणि गजालाही अडवता कामा नये. गजाचं भोक ड्रिल करताना जरा तिरकं गेलं असेल तर बोल्टला जागाच उरत नाही. मशीनवाल्या किटमध्ये हे गणित त्यांनी सोडवून दिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर माझे जास्तीचे सात आठशे डॉलर याच एका भिंतीसाठी चाललेत.

तसंच बॅरलच्या कानाचं. कान बॅरलच्या मागच्या टोकाला अशा जागी हवा की आत बरोबर दारूच्या पुढ्यात उघडेल आणि बाहेर पळीच्या वरच्या कडेशी साधारण समपातळीत येईल, पळीत मावळता सूर्य बसवल्यासारखा. खूप खाली गेला तर रंजक कानात भरते आणि ती वातीसारखी जळत आत जाते, म्हणजे फिस्स, मग थांबा, मग धाड. बरोबर बसला तर ज्वाळेची धगच आत उडी मारते आणि दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. तरी चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत थोडासा वेळ जातोच, तेवढा वेळ नेम न हलवता धरून ठेवायचा, हे मला क्लबातल्या उसन्या रायफलवर अजून जमत नाही. भक झालं की डोळा मिटतो.

एक छोटी गोष्ट जी मला फार आवडली. बॅरल स्टॉकमध्ये स्क्रूने नाही, आडव्या बारीक पिनांनी धरलेली असते, बॅरलच्या पोटाला छोट्या कड्या असतात त्यातून पिन जाते. या कडीतलं भोक गोल ठेवायचं नाही, लांबट करायचं. का, तर लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं, लोखंड तसं करत नाही, आणि चार फूट लांबीला तेवढ्या फरकाने एकतर लाकूड तडकतं नाहीतर बॅरल ताणली जाते. पावसाळ्यात दरवाजा चिकटतो हे ज्याने कोकणात बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

फिनिशिंगचं मात्र माझं सगळं ठरलंय, कारण ते स्वप्नरंजन आहे आणि ते बेसमेंटमध्ये न जाता करता येतं. सँडपेपर कमी, खरवडणी जास्त, पोलादाच्या पातळ पत्र्याने लाकूड तासायचं, म्हणजे पृष्ठभाग जिवंत दिसतो, प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत नाही. मग ओल्या फडक्याने पुसायचं, तंतू उभे राहतात, ते परत खरवडायचे, असं दोनतीनदा. रंगाला ॲक्वा फोर्टिस, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये लोखंड विरघळवलेलं द्रावण. हे घरी करायच्या भानगडीत मी पडणार नाही, तयार बाटली मिळते. लाकडाला लावलं की ते हिरवट, मळकट दिसतं, पोटात गोळा येतो, आणि मग हीट गन फिरवली की बघता बघता लालसर तपकिरी होतं आणि पट्टे उठून येतात. फळीच्या तुकड्यावर केलं तेव्हा मी पोराला वरून हाक मारून बोलावलं, त्याने बघितलं, छान म्हणाला आणि गेला. असो. एका कोपऱ्यावर आधी कडक चहा लावून बघितला, मेपलमध्ये टॅनिन कमी असतं, चहाने ते वाढतं, तिथे रंग जास्त गडद आला.

वरून जवसाचं तेल, हाताने चोळून, पातळ थर, पुष्कळ दिवस. आणि इथे एक गोष्ट चेष्टेत घेऊ नका, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकायची नाहीत, ते तेल वाळताना गरम होतं आणि फडकी आपोआप पेट घेतात, काडी न लावता. उघड्यावर एकेक पसरून वाळत घालायची. ड्रायरच्या शेजारी तर नाहीच नाही.

बॅरल निळी किंवा काळी करण्याऐवजी तपकिरी करायची, ब्राउनिंग म्हणतात, जे म्हणजे निव्वळ गंज आहे. बॅरल स्वच्छ करून, तेलाचं बोटसुद्धा न लावता, एक द्रावण पुसायचं आणि दमट पेटीत टांगायचं, गरम पाण्याची बादली शेजारी ठेवून. काही तासांनी बारीक लालसर गंज चढतो, तो जाड्याभरड्या कापडाने घासून काढायचा, परत लावायचं. पाचसहा फेऱ्यांनी एकसारखा चॉकलेटी थर बसतो, मग सोड्याच्या पाण्याने थांबवायचं आणि तेल. आजोबा पावसाळाभर बंदुकीला गंज चढू नये म्हणून खोबरेल तेल लावत बसायचे आणि नातू पेटी बांधून गंजाला आमंत्रण देणार. हे काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अरे नुसती जूनमध्ये इकडे पाठवून दे.

दारूचं थोडक्यात सांगतो. फ्लिंटलॉकला खरी काळी दारूच लागते, जे पर्यायी प्रकार मिळतात त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या भरवशावर ते नीट पेटत नाहीत. इथे प्रसिद्ध म्हणजे गोएक्स, लुईझियानातली, 2021 मध्ये तो कारखाना बंद पडायची वेळ आली होती आणि वाचवला कोणी तर मुलांची खेळण्यातली रॉकेटं बनवणाऱ्या एस्टेस कंपनीने, कारण त्यांच्या रॉकेटांनाही काळीच दारू लागते. आधुनिक बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही, बॅरल फुटते. आणि गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तरी बॅरल फुगू किंवा फुटू शकते, म्हणून गजावर खूण करतात, भरलेली असताना गज इथपर्यंत आत जायला हवा. आजोबा गज उसळतो का बघायचे ते का, हे मला तीस वर्षांनी कळलं. पहिला बार हातात धरून काढायचाच नाही, जुन्या टायरला वगैरे बांधून, लांबून दोरीने, तोही क्लबातल्या त्या म्हाताऱ्या आजोबांसमोर, आणि दारूचं माप बॅरलवाल्याने दिलेलंच. दिवस संपला की साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, रात्रभर ठेवली तर त्या राखेने सकाळपर्यंत आत गंज.

इतकं सगळं ठरलं, तर मग ऑर्डर का नाही दिली. तर डोळा. क्लबात पहिल्याच दिवशी त्या आजोबांनी मला हात लांब करून अंगठा आणि तर्जनीच्या भोकातून लांबचं झाड बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला. उजवा मिटला, झाड तिथेच. डावा मिटला, झाड गायब. म्हणजे मी लिहितो, जेवतो, क्रिकेट खेळतो उजव्या हाताने आणि माझा मेंदू नेम धरतो डाव्या डोळ्याने. उजव्या खांद्यावरून मारताना डावा डोळा मिटून काम भागवता येतं, पुष्कळ जण भागवतात. नाहीतर डाव्या खांद्यावरून मारायला शिकायचं. पण फ्लिंटलॉकमध्ये हे नुसतं सवयीचं प्रकरण नाही, लॉक उजव्या बाजूला असतं, डाव्या खांद्यावर धरली की आपलं तोंड बरोबर लॉकच्याच बाजूला येतं आणि पळीतली भक आणि कानातून बाहेर उडणारी आग नाकासमोर. मग लॉकच डाव्या बाजूचं घ्यायचं, जे प्रत्येक किटला मिळत नाही, ज्याला मिळतं त्याला थांबावं लागतं, आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कमी. दोन महिने मी यावर अडून बसलोय. दोन पानं उजव्याच्या बाजूने लिहिली, दोन डाव्याच्या.

मागच्या रविवारी आत्याशी बोलताना सहज हे सांगितलं. ती म्हणाली, अरे भाऊ पण डाव्या खांद्यावरून मारायचे की. (आजोबांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांची मुलंसुद्धा.) जेवायचे उजव्या हाताने, कोयता उजव्या हातात, पण बंदूक नेहमी डावीकडे, आणि वाडीतले लोक हसायचे. बंदूक उजव्या माणसाची, केप फुटली की उडायचं सगळं तोंडावर. म्हणून तर गालावर ते डाग होते, दारूचे, आजीने किती खोबरेल चोळलं तरी गेले नाहीत.

मी म्हटलं, ते गोंदवलेलं नव्हतं?

ती इतकी हसली की फोन तिच्या सुनेने घेतला.

काल रात्री बायकोला फरशीवर टेप घेऊन उभं केलं आणि झाडूचा दांडा डाव्या खांद्याला लावून चापापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजलं. किटमध्ये साधारण साडेतेरा इंच ठेवतात, मी पाच फूट पाच, माझं सव्वातेरा भरलं, थंडीचं जाकीट घातलं तर तेरा. वहीत लिहून टाकलं. .50 कॅलिबर, मेपल, साधी, नक्षी नाही, लोखंडी फर्निचर (म्हणजे स्टॉकवरचे धातूचे भाग), लॉक डावं. मेकर म्हणतो सहा महिने लागतील, तोवर त्या मेपलच्या फळीवर अजून तीन पट्ट्या बसवायला जागा आहे, आणि वॉशिंग मशीन एकदा पुढे ओढून तो तुकडा बघायचाय.